शर्यतीचे वण पुसू नका

१९७० सालच्या प्लिमथ सुपरबर्ड या अमेरिकन गाडीच्या छतावर काळ्या व्हिनाइलचं आवरण असतं. ती त्या काळची फॅशन होती असं बरेच जण समजतात. खरं कारण त्या व्हिनाइलच्या खाली आहे. नॅस्कार या शर्यत-मालिकेच्या मोठ्या ओव्हल ट्रॅकवर ताशी २०० मैलांच्या आसपास धावताना मागच्या काचेभोवती हवा नीट सरकावी म्हणून प्लिमथच्या ज्या रोड रनर गाडीवरून ती बनली तिची नेहमीची मागची काच बदलली गेली आणि नव्या काचेभोवती पत्र्याचा जास्तीचा तुकडा वेल्ड केला गेला. शर्यतीच्या नियमाप्रमाणे अशा गाड्या ठरावीक संख्येत बनवून सामान्य ग्राहकांना विकणं भाग होतं. प्रत्येक गाडीवरचा तो सांधा घासून, पुट्टी भरून गुळगुळीत करण्याइतका वेळ कोणाकडे नव्हता. म्हणून व्हिनाइल चिकटवलं आणि सांधा झाकला.

आज सुपरबर्ड रिस्टोअर करणाऱ्याला वेळही भरपूर असतो आणि पैसाही. तो व्हिनाइल काढतो, सांधा उघडा पडतो आणि त्याचा हात शिवशिवतो. कारखान्याला जे जमलं नाही ते तो करून दाखवतो. गाडी देखणी होते, पण ती कोणत्या घाईत आणि कोणत्या नियमापोटी जन्मली याचा तिच्या अंगावरचा पुरावा जातो. माझं म्हणणं सरळ आहे: शर्यतीत धावलेली किंवा शर्यतीसाठीच घडवलेली अमेरिकन फास्टबॅक (छत सलग उतारानं मागे जाणारी गाडी) आणि मसल कार (मोठ्या इंजिनाची वेगवान गाडी) नवी कोरी करू नये. जी झाली आहे तिच्या विक्रीच्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलं जावं. आणि ज्यांना चकचकीत गाडी हवी आहे त्यांनी उघडपणे नक्कल बांधावी, त्यात कमीपणा काही नाही.

हा हट्ट फक्त जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी नाही. या गाड्यांचा आकार, इंजिनाची क्षमता, सीटांची संख्या, सगळं नियमपुस्तिकेनं ठरवलेलं आहे. त्यामुळे त्यांचा पत्रा हाच दस्तऐवज आहे.

१९६५ ची शेल्बी जीटी-३५०, म्हणजे कॅरोल शेल्बीनं शर्यतीसाठी बदललेली फोर्ड मस्टँग, घ्या. एससीसीए या अमेरिकन शर्यत संघटनेच्या बी-प्रॉडक्शन वर्गात उतरायचं तर मस्टँग फास्टबॅकला ‘स्पोर्ट्स कार’ ठरवणं गरजेचं होतं, म्हणजे दोनच सीटा आणि किमान १०० गाड्या. मागची सीट काढून तिथे फायबरग्लासचा फळीवजा भाग आणि त्यावर स्टेपनी आली. पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या आर्मचा बिजागरबिंदू मूळ जागेपासून एक इंच खाली घेतला, कारण फोर्डच्याच फाल्कन या साध्या गाडीच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या मस्टँगचं पुढचं चाक वळणावर बाहेर कलायचं आणि टायर कडेवर घासायचा. खऱ्या गाडीच्या शॉक टॉवरवर (पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या पत्र्याच्या बुरुजावर) मूळ भोकं आणि त्यांच्या खाली पाडलेली नवी भोकं, दोन्ही दिसतात. १९६६ च्या मॉडेलमध्ये पुढे खर्च वाचवण्यासाठी हा बदल सोडून दिला. म्हणजे त्या भोकांवरून गाडीचा काळसुद्धा कळतो. रिस्टोरेशनच्या नादात शॉक टॉवर बाजारात मिळणाऱ्या नव्या टॉवरनं बदलला की हे सगळं एका दुपारी भंगारात जातं.

शर्यतीची आर मॉडेल तर याहून बोलकी. मागची काच प्लेक्सिग्लासची, तिच्या वरच्या कडेला आतली हवा बाहेर खेचणारी फट. पुढे फायबरग्लासचा ॲप्रन. मस्टँगच्या साध्या टाकीचे दोन खालचे अर्धे भाग एकमेकांना जोडून बनवलेली ३४ गॅलनची टाकी. याच मालिकेतली एसएफएम ५आर००२ या क्रमांकाची गाडी शर्यतपटू केन माइल्सनं १४ फेब्रुवारी १९६५ रोजी टेक्सासच्या ग्रीन व्हॅलीत जिंकून आणली. जीटी-३५० चा तो पहिला विजय.

शेवरोलेनं वेगळी वाट धरली. १९६६ साली सुरू झालेल्या ट्रान्स-ॲम शर्यत-मालिकेत इंजिनाची मर्यादा ३०५ घन इंच, म्हणजे पाच लिटर होती. ३२७ घन इंची इंजिनाच्या ब्लॉकचा चार इंची बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि २८३ घन इंची इंजिनाच्या क्रँकचा तीन इंची स्ट्रोक (पिस्टनची चाल) एकत्र केला की ३०२ घन इंच होतात. कॅमारो झेड/२८ चा जन्म या गणितातून झाला. १९६७ साली अशा फक्त ६०२ गाड्या बनल्या. रॉजर पेन्स्कीच्या संघानं मार्क डोनोह्यूला घेऊन १९६८ आणि १९६९ ची विजेतेपदं शेवरोलेला मिळवून दिली. १९७० साली बड मूरच्या बॉस ३०२ मस्टँगनी ती फोर्डकडे परत नेली.

नॅस्कारमध्ये भांडण हवेशी होतं. फास्टबॅकचा लांब उतार दिसायला वेगवान, पण जास्त वेगात तो मागचा भाग वर उचलतो. १९६६ च्या चार्जरला ट्रॅकवर हे जाणवलं आणि डिकीच्या कडेला स्पॉयलर लावावा लागला. १९६८ च्या चार्जरची आत खोल गेलेली जाळी हवा अडवायची आणि दोन खांबांमध्ये दबलेली मागची काच भोवरे निर्माण करायची. डॉजनं १९६९ च्या चार्जर ५०० मध्ये दोन्ही सपाट केले. फोर्डनं टोरिनो टॅलाडेगाचं नाक लांबवलं आणि एक फारच हुशारीचा बदल केला: दरवाज्याखालचा रॉकर पॅनल वर वळवला. रॉकर वर गेल्यामुळे नियमातली जमिनीपासूनची उंची पाळूनही शर्यतीची गाडी सुमारे एक इंच खाली बसवता आली. डॉजचं उत्तर चार्जर डेटोना, १८ इंचांचं टोकदार नाक आणि मागे २३ इंच उंच पंख. अशा ५०३ गाड्या बनल्या. २४ मार्च १९७० रोजी बडी बेकरनं टॅलाडेगाच्या ट्रॅकवर याच जातीच्या गाडीतून ताशी २००.४४७ मैलांची फेरी मारली. १९७१ साली नॅस्कारनं अशा गाड्यांना ३०५ घन इंचांच्या इंजिनाची अट घातली आणि त्यांचं राज्य संपलं.

आता विचार करा, टोरिनो टॅलाडेगाचा रॉकर गंजला, आणि रॉकर गंजतोच, तर काय होतं? गॅरेजवाला साध्या टोरिनोचा नवा रॉकर मागवतो, कापतो, वेल्ड करतो, रंगवतो. काम एक नंबर होतं. फक्त जो एक इंच मिळवण्यासाठी ही गाडी बनली, तो एक इंच तिच्या अंगावरून नाहीसा होतो. इथे कोणाचाही हेतू वाईट नसतो. तरी नुकसान कायमचं.

रंगाचंही तेच. त्या काळात जनरल मोटर्सच्या गाड्यांना ॲक्रिलिक लॅकर असायचं, फोर्ड आणि क्रायस्लरकडे इनॅमल. त्यावर क्लिअरकोट नव्हता. दाराच्या कडेला ओव्हरस्प्रे असायचा, कुठे रंगाचा ओघळ, पत्र्यांमधल्या फटी कमी-जास्त. स्पर्धेच्या गुणांसाठी रिस्टोअर केलेल्या गाडीत या फटी आज सगळीकडे सारख्या असतात आणि वर क्लिअरकोटचा काचेसारखा थर असतो. आणि शर्यतीच्या गाडीवर तर रंग एकच नसतो. हंगाम संपला की संघ गाडी विकायचा, नवा मालक आपल्या रंगात रंगवायचा, पुढचा मालक त्यावर पुन्हा. लपलेल्या जागी दोन इंचांचा पट्टा बारीक पॉलिश पेपरनं ओला ठेवून हळूहळू उतरता घासला तर झाडाच्या कड्यांसारखे हे थर एकामागून एक दिसतात. डॅशबोर्डच्या खाली किंवा टाकीच्या तोंडामागे असा पट्टा घेता येतो. पूर्ण गाडी वाळूनं किंवा आम्लाच्या टाकीत साफ केली की हे सगळं एका दिवसात जातं. शिवाय वाळूच्या माऱ्यानं सपाट पत्रा ताणला जाऊन लाटा येतात, आणि दुहेरी पत्र्याच्या शिवणीत शिरलेलं आम्ल पूर्ण धुतलं जात नाही. रंग चढवल्यावर वर्षा-दोन वर्षांत शिवणीतून गंज फुटतो.

हे सगळं होण्यामागे बाजार आहे. आज १९६७ च्या मस्टँग फास्टबॅकचा किंवा १९६९ च्या कॅमारोचा अख्खा नवा सांगाडा विकत मिळतो. कंपनीच्या परवानगीनं बनलेला आणि दर्जानं बरा. मस्टँगच्या वायपरखालच्या काऊलमध्ये पाणी साचतं, आतली कड गंजते आणि मग ते पाणी थेट फ्लोअरवर उतरतं, त्यामुळे अनेक जुन्या गाड्यांचा तळ आणि टॉर्क बॉक्स (सांगाड्याला मजबुती देणारे कोपरे) खरोखर संपलेले असतात. अशा वेळी नव्या सांगाड्यावर जुन्या गाडीच्या चॅसी क्रमांकाची पट्टी लावण्याचा मोह होतो. ती गाडी मग कागदावर १९६७ ची राहते. १९६५ साली ७७,०७९ आणि १९६६ साली ३५,६९८ मस्टँग फास्टबॅक बनल्या होत्या. आता बिनदिक्कत नवे सांगाडे जुन्या पट्ट्यांनी रस्त्यावर येत राहिले तर या आकड्यांना अर्थ उरत नाही.

ओळख पटवण्याची साधनं कंपनीगणिक वेगळी, हेही खरेदीदाराला माहीत असायला हवं. क्रायस्लरच्या (म्हणजे डॉज आणि प्लिमथच्याही) गाडीत चॅसी नंबरचं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. १९७० च्या गाडीत आर म्हणजे ४२६ घन इंचांचं हेमी इंजिन. फोर्डच्या १९६५ च्या क्रमांकात आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०९ म्हणजे फास्टबॅक, के म्हणजे २७१ अश्वशक्तीचं २८९ घन इंची इंजिन. शिवाय १९६७ पासूनच्या फोर्डसाठी कंपनीच्याच नोंदींवर आधारलेला मार्टी रिपोर्ट मिळतो. १९६९ च्या कॅमारोचा चॅसी नंबर मात्र इंजिन सहा सिलिंडरचं की व्ही-८ एवढंच बोलतो. गाडी झेड/२८ आहे का, हे त्यातून कळत नाही. मग इंजिनावरचा डीझेड शिक्का, १२ बोल्टचा मागचा ॲक्सल, चार गिअरचा गिअरबॉक्स, पुढचे डिस्क ब्रेक, असे धागे जोडावे लागतात. इथेच घोटाळ्याला जागा आहे. शेवरोलेच्या व्ही-८ चा शिक्का ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठाच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यावर असतो. इंजिन बांधताना मशीनवाल्यानं तो पृष्ठभाग सपाट करण्यासाठी घासला की शिक्का आणि त्याखालच्या कारखान्याच्या बारीक समांतर रेघा दोन्ही जातात. फसवणारा मुद्दाम घासतो आणि नवा शिक्का मारतो. प्रामाणिक मशीनवाल्याच्या हातून अजाणता घासला जातो. म्हणून ब्लॉक मशीनशॉपला देताना ‘शिक्क्याचा कोपरा सोडून’ असं कागदावर लिहून द्यावं आणि आधी फोटो काढून ठेवावा. ब्लॉकवरची ओतकामाची तारीख गाडीच्या निर्मितीच्या तारखेच्या आधीची असायला हवी, ही साधी तपासणीसुद्धा अनेक बनाव उघडे पाडते.

कायदा या प्रश्नाला फार ओबडधोबड हातानं हाताळतो. अमेरिकेत ओळखक्रमांकाशी छेडछाड हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. तो चोरीच्या गाड्यांसाठी केला गेला. पण कॅन्ससमध्ये २०१७ साली १९५९ ची एक कॉर्व्हेट जप्त झाली, कारण रिस्टोरेशनच्या वेळी क्रमांकाची पट्टी काढून पुन्हा बसवली होती. मालकाचा दोष नव्हता, तरी गाडी नष्ट करण्यापर्यंत गोष्ट गेली. शेवटी २०२२ मध्ये राज्याला कायदा बदलावा लागला आणि २०२३ मध्ये गाडी परत मिळाली. पट्टी रिवेटांसकट जागेवर ठेवावी, तिच्याभोवतीच हाताने रंग काढावा, हा धडा त्यातून घ्यायलाच हवा. पण कायद्याला पट्टी दिसते, पत्रा दिसत नाही. नवा सांगाडा आणि जुनी पट्टी अशी गाडी सहज निसटते, तर पूर्ण खरी गाडी अडकते.

आपल्याकडे भारतात जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात राखलेली, आणि चॅसी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली, तर तिला ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. हेतू योग्य आहे. पण गंजलेला फ्लोअर बदलणं हा फेरफार की दुरुस्ती, हे तपासणाऱ्यावर सोडलं गेलं आहे. परदेशातून आणलेल्या मस्टँग किंवा चार्जरच्या मालकांनी पॅचचे फोटो आणि काढलेले तुकडे जपून ठेवले तर निदान त्यांच्याकडे उत्तर असेल.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की शर्यतीची गाडी तिच्या हयातीतही ‘मूळ’ नव्हती. संघ स्वतःच मागच्या वर्षीच्या सांगाड्यावर नव्या वर्षीचे पुढचे पत्रे चढवायचे, आदळलेला भाग कापून दुसरा जोडायचे, वजन कमी करण्यासाठी सांगाडे आम्लात बुडवून पातळ करायचे. मग नक्की कोणता क्षण जपायचा? ५आर००२ ग्रीन व्हॅलीच्या दिवशीच्या रूपात आणून जुलै २०२० मध्ये ३८.५ लाख डॉलरना विकली गेली. पहिला विजय महत्त्वाचा, हे मान्य. पण त्या गाडीनं त्यानंतरही शर्यती केल्या, तो सगळा काळ त्या एका दिवसाच्या रंगाखाली गेला. माझं उत्तर असं: गाडी शर्यतीतून ज्या अवस्थेत बाहेर पडली ती शेवटची खरी अवस्था जपावी. तिच्या आत आधीच्या सगळ्या अवस्था असतात. मागे नेलेल्या गाडीत फक्त एकच उरते, आणि तीही आजच्या माणसानं लावलेली.

याची उदाहरणं आहेत. फिलाडेल्फियाच्या सिमिओन संग्रहालयातली शेल्बी डेटोना कूपे, सीएसएक्स२२८७, पीट ब्रॉकच्या रेखाटनावरून बनलेल्या सहा कूपेंपैकी पहिली. तिनं १९६४ साली सेब्रिंगमध्ये जीटी वर्ग जिंकला. ती आजही रिस्टोअर केलेली नाही. २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत पहिली नोंद तिचीच झाली, तीही याच अवस्थेत. तिथल्या गाड्या ठरावीक दिवशी चालवूनही दाखवल्या जातात. ‘बुलिट’ चित्रपटातली हिरवी १९६८ ची मस्टँग फास्टबॅक शर्यतीची नव्हे, पण मुद्दा तोच. कॅमेरे बसवण्यासाठी खाली वेल्ड केलेले आधार तिच्या अंगावर तसेच राहिले होते, आणि त्यांनीच तिची ओळख पटवायला मदत केली. जानेवारी २०२० मध्ये ती ३७.४ लाख डॉलरना गेली, गंज आणि उडालेल्या रंगासह. न रंगवल्यानं पैसे बुडतात, ही समजूत आता टिकत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त जवळचा वाटतो: गाड्या धावायलाच हव्यात. हिस्टॉरिक ट्रान्स-ॲम या गटात १९६६ ते १९७२ मधला खरा शर्यतीचा इतिहास असलेल्याच गाड्या घेतल्या जातात, आणि त्या लागुना सेकासारख्या ट्रॅकवर धावतात. ते थांबावं असं मी म्हणत नाही. स्थिर उभ्या गाडीच्या सिलिंडरमध्येही गंज चढतोच. पण धावताना काय पणाला लावायचं ते ठरवता येतं. मूळ ब्लॉक उतरवून, सिलिंडरमध्ये तेलाची फवारणी करून, सगळी तोंडं बंद करून स्टँडवर ठेवता येतो आणि धावण्यासाठी आजचा नवा ब्लॉक बसवता येतो. बॉस ३०२ साठी तर असे मजबूत ब्लॉक मिळतात. ७,००० आरपीएमच्या वर फुटलेला मूळ ब्लॉक परत येत नाही. साठ वर्षांची मॅग्नेशियमची चाकं ट्रॅकवर नेऊ नयेत. तडा तपासायचा तर तड्यात शिरणारा रंगीत द्रव वापरावा, कारण चुंबकीय तपासणी फक्त लोखंडाच्या भागांवर चालते. स्पिंडल, स्टिअरिंग आर्म आणि ॲक्सल मात्र तिनेच तपासावेत. चालकाभोवतीचा संरक्षक पिंजरा वाढवायचा तर बोल्टने, दोन्ही बाजूंना जाड पट्टी देऊन बसवावा, मूळ रोल बारला हात लावू नये. सपाट टॅपेटच्या कॅमसाठी जस्ताचं प्रमाण पुरेसं असलेलं तेल घालावं; आजच्या बाजारातल्या बऱ्याच तेलांत ते कमी असतं आणि कॅमचे उंचवटे झिजून चुरा सगळ्या इंजिनात फिरतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलानं जुने रबरी होज मऊ पडून गळतात. ते बदलणं ही छेडछाड नव्हे, आगीपासूनचा बचाव आहे.

गंजलाच पत्रा, तर फक्त गंजलेला भाग कापावा. फ्लोअरला सुमारे १.२ मिलिमीटर, बाहेरच्या पत्र्याला ०.९ मिलिमीटर जाडीचा तुकडा कडेला कड लावून, एकेक इंचाचे टाके मध्ये जागा सोडून घालावेत, म्हणजे उष्णता एका जागी साचत नाही आणि पत्रा वाकत नाही. नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला बदलाचं वर्ष ठोकावं. कापलेला तुकडा लेबल लावून गाडीबरोबर ठेवावा. मस्टँगच्या इंजिन कप्प्यातल्या डाव्या ॲप्रनवर आणि उजव्या बाजूला फेंडरखाली ठोकलेले क्रमांक, कॅमारोच्या हीटरच्या खोक्यामागचा अर्धा क्रमांक, क्रायस्लरच्या रेडिएटर सपोर्टवरचा आकडा, यांपैकी एकाही जागेवर ग्राइंडर चालवू नये. पोकळ भागांत मेणाचा फवारा पुरतो. रंगाची जाडी मोजताना मूळ थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन सापडतो; ५०० च्या वर आकडा गेला की खाली पुट्टी आहे असं समजावं. फायबरग्लासवर हे यंत्र चालत नाही, तिथे डोळे आणि टकटक.

राष्ट्रीय नोंदवही मालकाला कशाचीही सक्ती करत नाही, फक्त दस्तऐवज बनवते. तशी सक्ती व्हावी असं मलाही वाटत नाही. खाजगी मालमत्तेवर सरकारी शिक्का आला की लोक गाड्या लपवतील. पण लिलावाच्या यादीत चार गोष्टी छापणं बंधनकारक करायला काय हरकत आहे? सांगाडा मूळ की नवा. कोणते ठोकलेले क्रमांक कुठे सापडले. ब्लॉकच्या शिक्क्याचा पृष्ठभाग घासलेला आहे की नाही. आणि शेवटच्या शर्यतीनंतर कोणते पत्रे बदलले. नक्कल असेल तर तिच्या सांगाड्यावर स्वतःचा वेगळा क्रमांक ठोकलेला असावा. बिडिंग सुरू होण्याआधी खरेदीदारानं हे कागद मागितले पाहिजेत, आणि विकणाऱ्याकडे ते नसतील तर त्या गाडीचा भाव नक्कल गाडीच्या भावानंच सुरू व्हायला हवा.